तूर त्यात धरत नाहीत

"बघ. बघ तुझं रूप!" म्हणत कृष्णाजीनं हातातली गुंडाळी उलगडली आणि आईच्या पुढ्यातल्या सालींच्या ढिगावर आपटली.

अंबुबाईचे दोन्ही हात पातेल्यात होते. रात्रभर भिजलेले अवरे ती सोलत होती. पावट्याच्या कुळातला हा दाणा. मार्गशीर्ष लागला की अख्खं बेंगळूर त्याच्या मागं लागतं. भिजलेला दाणा अंगठा आणि बोट यांच्यात धरून चिमटला की साल हातात राहते आणि आतली डाळ टुणकन उडते. बघायला मौज वाटते. दिवसभर करून बघावं. बोटांची कातडी पांढरी पडते, मग फुगते, मग भेगाळते, आणि सालींचा तो आंबूस, बुळबुळीत वास लुगड्यातून, केसांतून, झोपेतूनही जात नाही. भाग्यलक्ष्मीच्या फराळाच्या दुकानासाठी अंबुबाई दर हिवाळ्यात हेच करायची.

तिनं हात पुसून कागद सरळ केला. चांगला मोठा, गुळगुळीत, रंगीत कागद. डाव्या बाजूला परदेशातली एक जाडजूड बाई काळ्या शेंगदाण्यांसारखं काहीतरी वाडगाभर घेऊन खदाखदा हसत होती. उजव्या बाजूला अंबुबाई स्वतःच. कॉटनपेटमधल्या आपल्याच घराच्या पायरीवर बसलेली, मांडीवर रिकामं ताट, डोळे उन्हानं बारीक झालेले. खाली कन्नडमध्ये ठळक छापलं होतं: ब्राझीलच्या ताटात बीन्स आहेत. आपल्या ताटात?

"कुठनं आणलास हे?"

"कॅन्टीनमधनं फाडून आणलं. सांबाराच्या भांड्याच्या बरोबर वर डकवलंय. रांगेत उभं राहिलं की पहिलं तुझं तोंड." कृष्णाजी शहराच्या कडेला, पीण्या भागातल्या एका कारखान्यात लेथवर होता. पाळी अर्धी टाकून आला होता. हाताचं तेलही धुतलं नव्हतं. "नंजुंडा सगळ्यांसमोर विचारतो, एन कृष्णा, अम्मंगे ऊट हाकल्वेनो? आईला जेवायला घालत नाहीस काय रे? सगळे हसले. हसले, अम्मा! जेवताना तोंडातलं दिसेपर्यंत हसले."

"सांगायचं होतंस की, मी का खात नाही ते."

"सांगितलं. सांगितलं म्हणूनच जास्त हसले. म्हणाले, काशीत अवरे सोडले? मग बरंच झालं की तुला, भातपण सोडायला लावायचं होतंस!"

आतून त्याची बायको शालन हात पुसत बाहेर आली. कागदाकडं बघून तिनं तोंडावर पदर धरला. "ऐय्यो अत्ते, ही तर ती पुण्याची पोर आली होती त्या दिवशीचं!"

तीच. निधी तिचं नाव. समाहार प्रतिष्ठान नावाच्या इंदिरानगरातल्या संस्थेची. गोड पोरगी. मराठी ऐकून हरखली होती, आजी आजी करत पायरीवरच बसली. आठवड्यातून भाजी किती वेळा, डाळ किती वेळा, असं विचारत गेली. मग म्हणाली, "आणि बीन्स? म्हणजे अवरे वगैरे? गेल्या वर्षात किती वेळा खाल्ले?"

"एकदाबी नाही," अंबुबाई म्हणाली.

पोरीनं मान हलवली आणि पुढचा प्रश्न विचारला. का नाही, हे विचारलं नाही. विचारायला तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मागं सोललेल्या अवऱ्यांचं पातेलं भरलेलं होतं, तेही तिला दिसलं नाही. दिसलं असेल तर ते विकायचं म्हणून दिसलं. आणि अंबुबाईनं आपणहून सांगितलं नाही. काशीत सोडलेल्या वस्तूची दवंडी सोडणाऱ्यानं आपल्या तोंडानं पिटू नये, पिटली की नेम गेला, असं त्यांच्यात मानतात. मग बरोबरच्या माणसानं फोटो काढला. जेवण होऊन ती ताट घासायला निघाली होती. तो म्हणाला, ताट असंच धरा आजी, स्वल्प इकडं वळवा, उजेड पडू दे. तिनं धरलं. आतलं खरकटं दिसू नये म्हणून पदरानं पुसून धरलं, ही तिची अक्कल.

तिचा नवरा रघुजी पुस्तकं बांधायचा. थंडीत पहाटे सायकल मारत सिटी मार्केटला जायचा आणि दव पडलेल्या शेंगांची पिशवी घेऊन यायचा. दव पडलेल्या शेंगेला एक चिकट वास असतो, त्याला इकडं सोगडू म्हणतात. तो वास नाही तर शेंग घ्यायची नाही, असा त्याचा हट्ट. ती सोलायची आणि तो शेजारी बसून सोललेले दाणे कच्चेच तोंडात टाकायचा. "अगो, तू सोललीस की गोड लागतात," म्हणायचा. रात्री दोघं एका ताटात हुळी-भात जेवायचे; हुळी म्हणजे इकडची आंबटसर आमटी. सून आल्यावरसुद्धा. लाजसुद्धा वाटायची नाही त्यांना.

त्याच्या अस्थी घेऊन ती पेठेतल्या बायकांबरोबर काशीला गेली. घाटावर पंडा म्हणाला, आवडीची एक वस्तू सोडा. बायकांनी भराभर सोडलं. एकीनं कारलं सोडलं, एकीनं सुरण, एकीनं तर दुधी सोडला, जो ती जन्मात कधी शिजवत नव्हती. देवाला फसवायची अशी स्वस्त सोय दुसरीकडं कुठं मिळणार! अंबुबाईची पाळी आली तेव्हा ती म्हणाली, अवरे. शेजारच्या गंगव्वानं तिच्या दंडाला चिमटा काढला. "अगो खुळे, निम्मा हिवाळा काय खाणार तू? कारलं म्हण की!" पण पाण्यात अस्थी सोडून झाल्या होत्या आणि रघुजीला देण्यासारखं तिच्याजवळ दुसरं काही उरलं नव्हतं. तेव्हापासून ती अवरे सोलायची, निवडायची, शिजवून वाढायचीसुद्धा. तोंडाला लावले नव्हते. मिठाची चवसुद्धा शालनच बघायची.

कृष्णाजीनं त्या दिवसापासून दुपारचं जेवणच बंद केलं. कॅन्टीनला जात नव्हता, डबाही नेत नव्हता. उपाशी राहायचा आणि संध्याकाळी घरी येऊन भिंतीकडं तोंड करून पडायचा. गल्लीच्या तोंडाशी रेशनच्या दुकानातही तोच कागद लागला. भाग्यलक्ष्मी दुकानातून ओरडून म्हणाली, "अंबक्का, पोरगा घालत नसेल तर माझ्याकडं या हो जेवायला!" थट्टाच केली तिनं. पण गल्लीतल्या चार बायका थांबल्या आणि कुणीच लगेच हसलं नाही. ते जास्त वाईट.

चौथ्या दिवशी सकाळी अंबुबाईनं शालनला म्हटलं, "चल. तो कागद काढायला लावून येऊ. पोरगा वाळून चाललाय."

दोघी बस बदलून इंदिरानगरात पोचल्या. प्रतिष्ठानचं घर झाडांच्या रस्त्यावर होतं. फाटकात मोटारी, आवारात पांढरा मांडव. मांडवाच्या एका बाजूला ब्राझीलचा झेंडा, दुसऱ्या बाजूला आपला, आणि मध्ये लांबलचक टेबलांवर झाकणाची भांडी. त्या दिवशी त्यांची परिषद होती. दोन देशांत माणशी किती बीन्स पोचतात, याची तुलना. सकाळभर त्यांनी आकडे सांगितले होते आणि आता दुपारी ते आकडे जेवणार होते.

निधीनं त्यांना ओळखलं आणि तिचा चेहरा उजळला. "आजी! तुम्ही इथे?" ती धावत आत गेली आणि उल्हास सरांना घेऊन आली. सर प्रतिष्ठानचे प्रमुख. पुण्याचे. खादीचा कुरता, त्याला कडक इस्त्री, आणि जिभेवर साखर.

"अरे वा वा, आमच्या आजी! या ना. तुम्हाला कल्पना नाही, तुमचा फोटो किती पॉवरफुल झालाय. ब्राझीलच्या लोकांनी कॉपी मागितली."

"तो फोटो काढा तिथनं," अंबुबाई म्हणाली. "माझ्या लेकाला लोक बोलालेत. मी उपाशी न्हाई. त्यानं मला कधी उपाशी ठेवलं न्हाई."

"अहो आजी, तुम्ही पर्सनली घेऊ नका. तो फोटो तुमचा नाहीये. तो सरासरीचा आहे."

सरासरी! माणसाला तोंड असतं, घसा असतो, पोट असतं. सरासरीला यातलं काही नसतं. देशात पिकलं किती, बाहेरून आलं किती, बाहेर गेलं किती, बियाणाला ठेवलं किती, कुजलं किती, ह्या सगळ्याची बेरीज-वजाबाकी करायची आणि उरेल त्याला डोक्यांनी भागायचं. भागाकारातून जो तुकडा हातात येतो तो आजवर कुणी चावलेला नाही. पण त्या तुकड्याला चेहरा लागतो, आणि मग कुठल्यातरी पायरीवर बसलेली म्हातारी शोधतात.

सरांनी दोघींना भिंतीवरचा तक्ता दाखवला. ब्राझीलचा खांब मांडवाच्या कापडाला टेकलेला, आपला गुडघ्याएवढा. "बघा, त्यांच्या माणसाला आपल्या माणसाच्या कितीतरी पट बीन्स मिळतात. हे लोकांना कळायला नको?"

"आमच्यात रोज हुळी होते की," शालन बोलली. "तुरीची डाळ रोज असते. हरभरे असतात. ते कुठं हाय ह्याच्यात?"

निधीनं सरांकडं बघितलं आणि खालच्या आवाजात म्हणाली, "तूर त्यात धरत नाहीत, ताई. तूर, हरभरा वेगळ्या रकान्यात जातात. सर, ते आपण खाली छोट्या अक्षरात लिहू या म्हणाला होतात..."

"निधी, पाहुण्यांना पाणी बघ," सर म्हणाले. साखर तशीच होती, फक्त थंड झाली होती.

तेवढ्यात जेवणाची घंटा झाली. पाहुणे आणि साहेब लोक टेबलांवर उतरले. उतरले हाच शब्द, कावळे उतरतात तसे. ब्राझीलच्या भांड्यात काळं दाट कालवण, आपल्या भांड्यांत अवऱ्यांची उसळ, अवऱ्यांचं उप्पीट, अवऱ्यांची हुळी. एकेकानं डोंगर वाढून घेतले. गुडघ्याएवढ्या खांबावर सकाळभर हळहळलेली माणसं ढेकर देत दुसऱ्या भांड्याचं झाकण उचलत होती. दोन घास खायचे, काट्यानं उकरायचं, आणि ताट तसंच टेबलाखालच्या टोपलीत. टोपली भरून वाहिली. एक गोरा माणूस हसत म्हणाला ते इंग्रजीत होतं, पण त्यानं नाक कसं मुरडलं ते बघायला इंग्रजी लागत नव्हतं. कुरतेवाला एक जण बोलता बोलता शिंकला आणि उसळीचा डाव धरलेल्या हातानंच नाक पुसून पुन्हा डाव बुडवला. सोललेले अवरे बुटांखाली चिरडून मांडवाच्या सतरंजीला चिकटले होते. कुणाच्यातरी आईनं, कुणाच्यातरी सुनेनं चिमटून चिमटून काढलेले. अंबुबाई सरांकडं वळली.

"फोटो काढणार का न्हाई?" तिनं विचारलं.

सरांनी क्षणभर विचार केला. मग त्यांचा चेहरा असा खुलला की बघणाऱ्याला त्यांची दया यावी. "आयडिया! आजी, जुना काढून नुसती रिकामी जागा ठेवून काय होणार? लोक म्हणणार, बघा, खरं होतं म्हणूनच काढला. त्यापेक्षा दुसरा फोटो काढू. आत्ताच. तुम्ही बीन्स खाताय, छान हसताय. तोच तुमच्या मुलाच्या कॅन्टीनमध्ये लावतो. म्हणजे त्याचंही तोंड वर, तुमचंही. काय?"

"नक्की? जुना निघणार?"

"शब्द देतो."

फोटोवाला आला. एका पोऱ्याकडून ताट भरून आणलं. वर अवऱ्यांची उसळ, खोबरं पेरलेली. शालननं सासूचा हात धरला. "अत्ते, नको. बिडा, राहू द्या. चला घरी." मग सरांकडं वळून, "त्या दुसरं काहीपण खातील हो. डाळ-भात खातील. चपाती खातील. डाळ-भाताचा काढा की फोटो!"

"डाळ म्हणजे तूरच ना? अहो, तेच तर सांगतोय, तूर बीन्समध्ये येत नाही. मग त्या फोटोला अर्थ काय राहिला? पोस्टर बीन्सचं आहे."

निधी पाण्याचा जग घेऊन तिथंच उभी होती. "आजी, तुम्हाला चालत नाही का? पथ्य आहे का काही?"

आता विचारलं. सांगायला पाहिजे होतं. पण इथं? नाकाचं पुसून डाव बुडवणाऱ्यांच्या मांडवात? रघुजीचं नाव, काशीचा घाट, हातातून सुटलेली राख, हे ह्या टोपलीशेजारी उभं राहून सांगायचं? ते ऐकतील, आणि वर म्हणतील, हाऊ इंटरेस्टिंग. पुढच्या कागदावर तेही छापतील. अंबुबाईला एकदम दिसलं की तिच्याजवळ दोनच वाटा आहेत. नेम तोंडानं सांगून ह्यांच्या हातात द्यायचा, नाहीतर गप बसून मोडायचा. आणि घरी पोरगा भिंतीकडं तोंड करून पडलेला.

"पथ्य कसलं," ती म्हणाली. "द्या."

"अत्ते!"

"गप शालू."

तिनं घास घेतला. इतक्या वर्षांनी पहिला. दाणे अर्धे कच्चे होते. सोडा घालून वरवर फुगवलेले, तळणाच्या तेलात माखलेले. सोलणाऱ्यानं घाई केली होती, साल तशीच राहिलेली टाळूला चिकटली. तिनं गिळलं.

"थांबा, थांबा, फ्लॅश पडला नाही. परत, आजी."

दुसरा घास. फ्लॅश पडला. पण त्यात म्हणे डोळे मिटले होते.

"एकदा शेवटचं. आणि हसा ना जरा! ब्राझीलच्या मावशी कशा हसतायत!"

तिसरा घास घेऊन अंबुबाई हसली. आजूबाजूच्या दोघाचौघांनी टाळ्या वाजवल्या. सरांनी तिच्या हातात प्रतिष्ठानच्या पौष्टिक पिठाचा पुडा ठेवला. निधी फाटकापर्यंत आली. काहीतरी म्हणायचं होतं पोरीला. तिनं "आजी" एवढंच म्हटलं. अंबुबाई म्हणाली, "जा बाई, तुझं जेवायचं राहिलं असेल." रस्त्यावर आल्यावर एका झाडाच्या बुंध्याशी तिला कोरडे उमासे आले, पण पडलं काहीच नाही. जे गेलं होतं ते आत बसलं होतं. पिठाचा पुडा ती तिथंच झाडाखाली ठेवून आली.

सर शब्दाला जागले, एवढं खरं. जुना कागद आठवड्याभरात निघाला. कॅन्टीनमधून, रेशनच्या दुकानातून, सगळीकडून. त्या आठवड्यात कृष्णाजीनं दोनदा डबा नेला. एकदा शालनशी हसून बोललाही. अंबुबाई मनाशी म्हणाली, असू दे. पोरगा जेवला ना. एका हातानं गेलं, दुसऱ्या हातानं आलं.

मग संक्रांतीच्या तोंडावर तो एका संध्याकाळी आला आणि दारातच उभा राहिला. हातात नवी गुंडाळी होती. या वेळी त्यानं ती आपटली नाही. हळू उलगडली आणि दिव्याखाली धरली.

ब्राझीलची बाई गेली होती. तिच्या जागी अंबुबाई होती, रिकामं ताट घेऊन पायरीवर बसलेली. आणि शेजारी पुन्हा अंबुबाईच, तोंडात घास, डोळे विस्फारलेले, हसणारी. एकीच्या खाली छापलं होतं, काल. दुसरीच्या खाली, आज. आणि सगळ्यांत खाली समाहार प्रतिष्ठानचं नाव, पिठाच्या पुड्याचं चित्र, मदत कुठं पाठवायची त्याचा पत्ता.

शालननं वाचलं आणि तिच्या तोंडून शिवी गेली. सासूसमोर पहिल्यांदा. "हलकट मेले! म्हणजे आम्ही उपाशी ठेवलं आणि त्यांनी जगवलं?"

अंबुबाई लेकाच्या तोंडाकडं बघत होती. आता तो ओरडेल, याची वाट बघत होती. ओरडला असता तर बरं झालं असतं. नंजुंडा काय म्हणाला, कोण कोण हसलं, हे त्यानं सांगितलंच नाही. तो त्या दुसऱ्या चित्राकडंच बघत होता.

"अम्मा, हे ताटात काय हाय?"

तिनं पदराला हात पुसले.

"तुरीची डाळ न्हाई ही. अवरे हाईत."

"हो."

"खाल्लास तू?"

"तो म्हणाला, जुना कागद काढतो. तू जेवत नव्हतास."

"माझ्यासाठी?"

"कुणासाठी मग? त्या ब्राझीलसाठी?"

कृष्णाजीनं कागदाची घडी घातली. दोन घड्या, चार घड्या, मग घडी बसेना इतकी जाड झाली तरी तो दाबतच राहिला. मग तो मोरीवर गेला आणि बराच वेळ हातावरचं तेल घासत राहिला.

रात्री पानं मांडली. शालननं सकाळीच अवऱ्यांची हुळी करून ठेवली होती. हंगामच तो. कृष्णाजी लहानपणापासून त्या हुळीवर तुटून पडायचा. बापासारखाच. तिनं भात वाढला, पळी भरली आणि त्याच्या ताटाकडं नेली. त्यानं ताटावर हात आडवा धरला.

"मला नको."

"का हो? आवडतं की तुमास्नी."

"आवडतं म्हणूनच नको. आता न्हाई खायचे मी." तो भाताकडं बघत म्हणाला. "कधीच."

शालनची पळी तशीच राहिली. थेंब जमिनीवर पडत होते. अंबुबाईला वाटलं, सांगावं ह्याला की असं होत नसतं बाबा. एकाचा मोडलेला नेम दुसऱ्यानं उचलून सांधत नाही. पाण्यात सोडलेलं ज्याचं त्याचं असतं. आणि तुझ्या बापाला आता कळणारही नाही. पण तिनं तोंड उघडलं नाही. जे सांगून टाकलं ते संपतं, एवढं तिला ठाऊक होतं.

तिनं आपल्यासाठी ठेवलेलं ताकाचं भांडं त्याच्याकडं सरकवलं. त्यानं ओतून घेतलं आणि भात कालवत बसला. फार वेळ कालवत बसला. ताक भाताबाहेर येऊन ताटाच्या कडेला गोल पसरलं. मग त्यानं एक घास घेतला, आणि अंबुबाईनं आपल्या ताटातल्या कोरड्या भातात बोटं घातली.